सायकलस्वाराच्या वाट्याचा रस्ता

खानदेशातील जळगाव आणि धुळे ही दोन शहरे सायकलसाठी जणू मुद्दाम वसवावीत अशी आहेत. भूमी सपाट, चढउतार नावापुरते, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर फार मोठे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती. त्यानंतर दोन्ही शहरे वाढली. तरीही बहुतेक नागरिकांची शाळा, कचेरी, बाजारपेठ किंवा रेल्वे स्थानक घरापासून चार-पाच किलोमीटरांच्या आतच आहे. हे अंतर सायकलवर साध्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटांत कापता येते. मुंबईसारख्या महानगरात सायकल हा कदाचित हौसेचा विषय असेल. येथे ती सर्वांत स्वस्त, सर्वांत सोयीची आणि सर्वांच्या आटोक्यातील सवारी आहे. असे असूनही आज या दोन्ही शहरांत बारा वर्षांच्या मुलीला एकटीने सायकलवर शाळेत पाठवताना आईवडील कचरतात. ही भीती अवास्तव नाही. ती कशातून उत्पन्न झाली आणि ती दूर करण्यासाठी काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सायकल कोण चालवतो?

'आता सायकली राहिल्याच कुठे?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. नगरपालिकेचा सायकलकर, हँडलला लावलेला पितळी बिल्ला, रात्री दिवा नसला की होणारा दंड, 'डबलसीट' बसल्याबद्दल पोलिसांची दटावणी आणि तासावर भाड्याने मिळणारी सायकल हा सारा काळ मागे पडला, हे खरे. परंतु तो काळ गेला म्हणून सायकलस्वार गेला, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्याला पाहायचे तर सकाळी सहाला किंवा संध्याकाळी अंधार पडल्यावर रस्त्यावर उभे राहावे लागते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, चटई आणि पाइपांच्या कारखान्यांत कामाला जाणारा मजूर, कुसुंबा, नशिराबाद, असोदा, ममुराबाद या गावांकडून शहरात येणारा कामगार, धुळ्याच्या अवधान वसाहतीत पाळीला निघालेला किंवा यंत्रमागावरून परतणारा कारागीर, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, पाववाला, रात्रपाळीचा पहारेकरी, आणि पाठीवर दप्तर घेतलेली शेकडो मुले-मुली, असा हा वर्ग आहे.

२०११ च्या जनगणनेत माणसे कामाला कशी जातात, हे देशात प्रथमच विचारण्यात आले. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात असल्याचे तेव्हा दिसून आले. ही संख्या अडीच कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या समूहाला नाहीसे झालेले म्हणणे म्हणजे आपल्याच दृष्टीतील दोष त्याच्यावर लादणे होय.

अलीकडे रविवारी सकाळी गिअरच्या सायकली घेऊन मेहरूण तलावाकडे किंवा लांबच्या फेरीला निघणारी मंडळी दिसतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे, कारण त्यांच्यामुळे सायकलला थोडी प्रतिष्ठा परत मिळाली. तथापि शहराच्या नियोजनाचा खरा प्रश्न त्यांचा नाही. तो आहे सोमवारी सकाळी नाइलाजाने सायकल काढणाऱ्याचा. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, अंगात चमकणारा पोशाख नाही आणि त्याची संघटनाही नाही. म्हणूनच त्याचे म्हणणे कोणत्याही सभागृहात पोहोचत नाही.

शहरातून गेलेला महामार्ग

जळगावच्या बाबतीत या प्रश्नाचे मूळ शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि २०१० मधील नव्या क्रमांकांनुसार ५३, शहराच्या मधोमध गेला आहे. एके काळी तो शहराच्या कडेने जात होता; शहर वाढत गेले आणि दोन्ही अंगांनी वसाहती उभ्या राहिल्या. आज आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या ठिकाणी केळीचे ट्रक, कंटेनर, एस.टी. गाड्या, मोटारी, रिक्षा आणि सायकली एकाच डांबरी पट्ट्यावर एकमेकांना रेटत असतात. शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. बाजार इकडे, कारखाना तिकडे. महामार्ग ओलांडल्याशिवाय हजारो कुटुंबांचा दिवस सुरू होत नाही.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी समांतर रस्ते व्हावेत, ही जळगावकरांची कित्येक वर्षांची मागणी. त्यासाठी निवेदने झाली, आंदोलने झाली, आणि दुर्दैवाने बळीही गेले. पुढे शहरातील भागाचे चौपदरीकरण झाले व काही चौकांत भुयारी मार्ग झाले. त्याने मोटारींची कोंडी थोडी सुटली. सायकलस्वाराचा प्रश्न मात्र एका अर्थाने अधिक बिकट झाला. मध्ये दुभाजक आला की समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी सायकलस्वाराला पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यावे लागते. मोटारीला हा वळसा दोन मिनिटांचा. पायडल मारणाऱ्याला तो पाव तासाचा. मग तो उलट दिशेने कडेकडेने येतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होतो. रस्ता आखणाऱ्याने ज्याचा विचारच केला नाही, त्याने रस्त्याची शिस्त पाळावी, ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

अवजड वाहतूक बाहेरून नेणाऱ्या पाळधी-तरसोद बाह्यवळण मार्गाकडे पुष्कळांनी आशेने पाहिले. ट्रक बाहेरून गेले की शहर सुरक्षित होईल, असे सामान्यतः मानले जाते. यात अर्धेच सत्य आहे. मोकळ्या झालेल्या रुंद रस्त्यावर उरलेल्या वाहनांचा वेग वाढतो, आणि पूर्वी ट्रकच्या भीतीने जपून जाणारा मोटारसायकलस्वारही भरधाव निघतो. म्हणून ट्रक बाहेर नेणे जितके आवश्यक, तितकेच आत राहिलेल्या रस्त्याला महामार्गाऐवजी शहराच्या रस्त्याचे रूप देणे आवश्यक आहे.

जळगावची दुसरी अडचण रेल्वेची. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. शिवाजीनगर, असोदा, पिंप्राळा या बाजूंनी रोज ये-जा करणाऱ्यांना उड्डाणपुलाचा चढ तरी चढावा लागतो किंवा बजरंग बोगद्यासारख्या अरुंद वाटेने तरी जावे लागते. तेथे पावसाळ्यात पाणी साचले की तीही वाट बंद. कॅरिअरवर ओझे बांधलेल्या माणसाला पुलाचा चढ म्हणजे काय, हे मोटारीच्या काचेआडून समजणार नाही.

धुळ्याची स्थिती काहीशी निराळी आहे. इंग्रजी अंमल आल्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची आखीव पेठ वसवली. आग्रा रोड आणि त्याला समांतर अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या आखणीची साक्ष देतात. असा सरळ, समांतर रस्त्यांचा आराखडा लाभलेली शहरे महाराष्ट्रात थोडी. मुख्य रस्त्यावर मोटारी आणि शेजारच्या गल्लीतून सायकली, अशी विभागणी येथे नवीन रस्ता न बांधताही करता येईल. परंतु या गल्ल्या उभ्या वाहनांनी आणि दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्यांनी भरल्या आहेत. देवपूरच्या महाविद्यालयांकडे जाणारा विद्यार्थी पांझरेवरील पुलांवरच्या गर्दीत सापडतो. साक्री रस्ता आणि पारोळा रस्ता येथे तर गावाकडची भरधाव वाहने थेट शहरात शिरतात.

वेगाचे गणित

सायकलस्वाराच्या मृत्यूचे कारण बहुधा 'अपघात' या एका शब्दात सांगून टाकले जाते. वस्तुतः त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे, आणि ते आपल्या शिक्षकबंधूंनी वर्गात अनेकदा शिकवले असेल. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा चालक समोरचे मूल पाहून ब्रेक दाबेपर्यंत एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्याच वेळात १६ मीटरांहून अधिक. त्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर पुन्हा चौपट. एक गाडी मुलाच्या अलीकडे थांबते आणि दुसरी थांबत नाही, यातील फरक दैवाचा नसून वेगाचा असतो.

म्हणूनच २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेने, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा असावी, असे जाहीर केले. आपल्याकडे मात्र केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा देण्यात आली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार एखाद्या रस्त्यासाठी याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. म्हणजे अडचण कायद्याची नाही. तो वापरण्याच्या इच्छेची आहे.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार ४,८०० च्या आसपास होते. 'अपघातप्रवण स्थळ' ठरवण्याची शासकीय व्याख्या पाहिली तर मन विषण्ण होते. सुमारे ५०० मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, अथवा दहा मृत्यू व्हावेत, तेव्हा ती जागा महामार्गाच्या नोंदीत 'धोकादायक' म्हणून येते. चार अपघात झालेल्या चौकातील रहिवाशांनी पाचव्याची वाट पाहावयाची काय?

सायकल दिली, रस्ता दिला नाही

मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात. योजना स्तुत्य आहे. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. एक साधी सायकल मुलीचे शिक्षण आठवीनंतरही चालू ठेवू शकते, याहून मोठे प्रमाणपत्र कोणत्या वाहनाला मिळाले आहे?

पण सायकल देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही. ती मुलगी ज्या रस्त्याने जाणार, त्याची साइडपट्टी खचलेली असते; डांबराच्या कडेपासून खाली वीतभर खड्डा असतो. मागून ट्रकचा भोंगा वाजला की तिला त्या कडेवरून खाली उतरावे लागते, आणि तोल जातो तो तेथेच. एकदा असा प्रसंग आला की घरचे सायकल कोपऱ्यात उभी करतात. मुलगी काही दिवस कोणाच्या तरी मागे बसून जाते, आणि पुढे शाळाच सुटते. रस्त्याच्या कडेचा वीतभर खड्डा एका मुलीच्या शिक्षणाआड येऊ शकतो, ही गोष्ट बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात कोठे नोंदवली जात नाही.

डचांचा धडा आणि पुण्याचा

हॉलंड हा सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. तेथील लोक मुळातच सायकलप्रेमी, अशी आपली समजूत असते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ३,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आपली लहान मुलगी शाळेत जाताना गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला आणि त्यातून 'बालहत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने इंधनाचा धडाही शिकवला. शासनाने हळूहळू रस्त्यांची रचना बदलली, आणि तेथील वार्षिक मृत्युसंख्या अलीकडे सातशेच्या आसपास उतरली आहे. डच माणसाचा स्वभाव बदलला नाही, रस्ता बदलला.

याउलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तेथे अनेक रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने शहरभराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण बांधलेल्या मार्गांपैकी कित्येक तुकड्यातुकड्यांचे होते. एखादा मार्ग बसथांब्यापाशी संपला, एखाद्यावर मोटारसायकली उभ्या राहिल्या, एखाद्यावर हातगाड्या आल्या. जो मार्ग चौकाच्या अलीकडे संपतो, तो सायकलस्वाराला नेमका धोक्याच्या तोंडाशी आणून सोडतो. रंगीत फरशी म्हणजे सायकलमार्ग नव्हे. घरापासून शाळेपर्यंत अखंड जाणारी वाट म्हणजे सायकलमार्ग.

काय करता येईल?

स्मार्ट शहरांच्या योजनेत महाराष्ट्रातील आठ शहरांची निवड झाली, त्यांत जळगाव व धुळे नव्हती. जळगाव महापालिकेची कित्येक वर्षे हुडकोच्या कर्जाच्या ओझ्याखाली गेली, आणि पाणीपुरवठा व भुयारी गटारांसाठी खणलेल्या रस्त्यांनी नागरिकांची दीर्घकाळ परीक्षा पाहिली. अशा स्थितीत कोट्यवधींचे प्रकल्प सुचवणे व्यर्थ आहे. सुदैवाने या कामास मोठा पैसा लागत नाही. क्रम नीट लावावा लागतो.

पहिले काम वेगाचे. शाळा, बाजार आणि दवाखान्यांच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा अधिसूचित करावी आणि ती फलकावर न ठेवता गतिरोधक, अरुंद वळणे व उंच ओलांडपट्ट्या यांच्याद्वारे रस्त्यातच बसवावी. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यांवर अवजड वाहनांना पूर्ण बंदी असावी.

दुसरे काम सलगतेचे. जळगावच्या महामार्गालगत जेवढे समांतर रस्ते आहेत, ते एकमेकांना जोडून, खड्डे बुजवून, दिवे लावून सायकलींसाठी मोकळे ठेवावेत. बांभोरीच्या बाजूने गिरणा ओलांडून विद्यापीठाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुलावर संरक्षित पट्टी हवी. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी झालेल्या रस्त्यांना आडवे चौक कमी आहेत. देवपूर आणि जुने शहर यांना जोडणारा सायकलमार्ग तेथे सहज होईल. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांच्या रचनेविषयी १९६२ मध्येच शिफारशी केल्या असून, किमान दोन मीटर रुंदी त्यांत सांगितली आहे. म्हणजे शास्त्र साठ वर्षांहून जुने आहे. अंमल तेवढा बाकी आहे.

तिसरे काम बारकाव्यांचे. गटारावरच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या तर सायकलचे चाक त्यात अडकते. त्या आडव्या बसवाव्यात. साइडपट्टी डांबराच्या पातळीला असावी. बोगद्यातील पाणी उपसण्याची व्यवस्था पावसाळ्यापूर्वी तपासावी. बाजारात आणि बसस्थानकाजवळ साखळी लावता येईल असे लोखंडी कठडे ठेवावेत. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात.

चौथे काम सावलीचे. आपल्या खानदेशात वैशाखात पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो. सायकलमार्गाच्या पश्चिम बाजूस कडुनिंबाची रांग नसेल, तर दुपारनंतर तो मार्ग कागदावरच राहील. रुंदीकरणात तोडलेल्या झाडांची भरपाई प्रथम येथे व्हावी.

दोन आक्षेप

'जागा कुठे आहे?' हा पहिला आक्षेप. जागा आहे, ती आज उभ्या वाहनांनी अडवली आहे. सार्वजनिक रस्त्यावर खासगी मोटार दिवसभर फुकट उभी करणे हा हक्क समजला जातो, आणि सायकलला दोन मीटर मागणे ही चैन ठरते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हेत तर माणसे वाहून नेण्यासाठी रस्ते आहेत, हे तत्त्व स्वीकारले आहे. व्यापारी बंधूंनीही विचार करावा: सायकलने येणारे गिऱ्हाईक दुकानासमोर थांबते, मोटारीतले जागा न मिळाल्यास पुढे निघून जाते.

दुसरा आक्षेप सायकलस्वाराच्या बेशिस्तीचा. त्यात तथ्य आहे. रात्री दिवा किंवा मागे चमकपट्टी नसणे, वळताना हात न दाखवणे, कानात गाणी ऐकत जाणे, हे प्राणाशी खेळणे होय. शाळांनी याचे धडे द्यावेत. परंतु दोन टन वजनाच्या वाहनाची जबाबदारी आणि पंधरा-वीस किलोंच्या सायकलची जबाबदारी सारखी मानता येणार नाही.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. रोज दहा किलोमीटर मोटारसायकल चालवणाऱ्या कारकुनाला, लिटरला पन्नास किलोमीटर धरले, तर महिन्याला पाच लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे गेल्यावर हा खर्च वर्षाला सहा हजारांवर जातो. एवढ्या रकमेत साधी सायकल येते. ही बचत करण्यास पुष्कळजण तयार होतील. त्यासाठी प्राण पणाला लावण्यास कोणीही तयार होणार नाही, आणि होऊही नये.

मोजणीपासून आरंभ

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पादचारी आणि यंत्राविना चालणाऱ्या वाहनांच्या सुरक्षेसाठी नियम करण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली आहे. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाल्यास ठेकेदार व रस्त्याची यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने दरवर्षी किती सायकलस्वार व पादचारी कोणत्या चौकात दगावले, याची यादी प्रसिद्ध करावी. प्रश्न मोजला गेला की तो नाकारता येत नाही.

यात शिक्षक आणि विद्यार्थ्यांना मोठे काम करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ या वेळात शहरातील पाच-सहा चौकांत उभे राहून जाणाऱ्या सायकलींची नोंद करावी: किती मुले, किती मुली, किती कामगार, किती उलट दिशेने आले आणि का. शाळांनी आपल्या मुलांच्या सायकलवाटा नकाशावर काढाव्यात आणि धोक्याच्या जागा लाल शाईने दाखवाव्यात. असा नकाशा घेऊन पालक महापालिकेच्या दारी गेले, तर त्यांना 'सायकली आहेत कुठे?' असे विचारण्याचे धाडस कोणी करणार नाही.

शहर सुधारले की नाही, हे त्याच्या उड्डाणपुलांच्या संख्येवरून ठरवण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्यापेक्षा सोपी कसोटी एकच आहे. बारा वर्षांची मुलगी एकटी सायकलवर शाळेत गेली आणि घरी कोणाच्या जिवाला घोर लागला नाही, तर ते शहर चांगले. या कसोटीस जळगाव आणि धुळे आज उतरत नाहीत. ती उतरावीत, एवढीच मागणी आहे. आणि ती पुरी करणे या दोन्ही शहरांच्या आवाक्याबाहेरचे खचितच नाही.